फोडलेला कॉर्नर

परीक्षेचा पेपर फोडतात, तसा मी एक कॉर्नर फोडला. फुटबॉलमधला कॉर्नर. तोही परदेशात पाहुणा म्हणून गेलेलो असताना, आणि ज्या माणसाचं चित्र तरुणपणी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, त्या माणसाचा.

मी कोल्हापुरात एका हायस्कुलात गणित शिकवतो आणि शाळा सुटली की पेठांच्या फुटबॉलचं वृत्त एका स्थानिक दैनिकाला देतो. त्यात ‘आतली खबर’ नावाचं माझं छोटं सदर असतं. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे तालमींचे संघ असतात, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी समोरच्या पेठेचा सराव लपून बघण्याला कुणी चोरी म्हणत नाही. लोक पाण्याच्या टाकीवर चढतात. लग्नाचं आमंत्रण द्यायच्या निमित्तानं मैदानावर जातात. कोण लंगडतोय, कुणाला बाहेरून आणलंय, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर आलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सदरात.

मी तसा सदा अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. एखाद्या मुलाला वर्गात जोरात बोललो तरी जेवण जात नाही. भाजीवालीनं चुकून मिरच्या जास्त घातल्या तर परत जाऊन सांगतो, आणि तिचा वेळ घेतला म्हणून पुन्हा वाईट वाटून घेतो. फक्त या ‘आतली खबर’च्या बाबतीत माझं मन कायम स्वच्छ होतं. घात झाला तो नेमका तिथेच.

शारजा

माझी थोरली बहीण, अक्का, गेली कित्येक वर्षं शारजात राहते. दाजी हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीत लोखंडी टाक्या बनवून घेतात. ते यंदा निवृत्त होणार, म्हणून अक्कानं हट्ट धरला, “आम्ही हितनं हलायच्या आधी एकदा येऊन जा, बाळू. मग कोण बोलवतंय तुला दुबईला?”

विमानतळावर दाजी घ्यायला आले. पहिलं वाक्य, “काय पाव्हणं, थंडी वाजायलीय का?” जानेवारीत तिथे आपल्या फेब्रुवारीइतका गारवा, पण लोक जाड जॅकेटं घालून फिरतात. थंडी पडते तेवढ्यात वापरून घ्यायची असते.

वाटेत दाजींनी एका टपरीवजा दुकानासमोर गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. मला वाटलं कुणी आडवं आलं. पण आतून एक माणूस पळत आला, काचेशी वाकला, आणि थोड्या वेळानं कागदी पेल्यांत करक घेऊन आला. करक म्हणजे उकळून उकळून घट्ट केलेला वेलदोड्याचा चहा. आपल्याकडे माणूस चहाकडे जातो, तिथे चहा माणसाकडे येतो. “दोन दिरहमला एक. म्हणजे सत्तेचाळीस रुपये,” दाजी म्हणाले. इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडून प्रत्येक आकडा दोनदा येतो. मला मात्र त्या माणसाला हॉर्न वाजवून बोलावल्याचंच वाईट वाटत राहिलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की याच दुकानासमोर, याच गाडीत बसून मी जे करणार आहे त्यापुढे हा हॉर्न काहीच नाही.

अक्काच्या घरी कोल्हापूर जसंच्या तसं आहे, फक्त सातव्या मजल्यावर. तांबडा, पांढरा, देवघर, आणि डब्यात हिरव्या मिरचीचा खर्डा. भाची रुचा दहावीत. तिच्याशी मी मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, जणू आमच्यामध्ये कुणी दुभाष्या बसवला होता.

त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर इस्माईलभाई राहतात. मूळचे दाभोळकडचे. तीस वर्षांत त्यांनी गल्फमध्ये मासळी, कापड, गाड्यांचे सुटे भाग असं सगळं करून पाहिलं आणि आता ते उत्तरेकडच्या एका छोट्या अमिरातीतल्या फुटबॉल क्लबात किट सांभाळतात. म्हणजे जर्सी, बूट, चेंडू, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्यांच्या ताब्यात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलायला तुफान. लिफ्टमध्येच ओळख झाली.

“मास्तर, तुम्ही कोल्हापूरचे म्हंजे फुटबॉलवाले. आमचा कोच बगायचा का? कोरियन हाय. मोठा प्लेयर व्हता एके टायमाला. क्वाक.”

लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, पुन्हा बंद झालं आणि लिफ्ट खाली निघाली. मी बाहेर पडलोच नव्हतो.

क्वाक

आम्ही कॉलेजात असताना तालमीच्या टीव्हीवर एक आशियाई स्पर्धा बघितली होती. त्यात कोरियाचा एक सडसडीत फॉरवर्ड होता. क्वाक. नावामुळे पेठेतल्या पोरांनी त्याला ‘बदक’ करून टाकलं, पण पहिल्या सामन्यातच ते नाव आदराचं झालं. त्याची एक खोड होती. आपल्या संघाला कॉर्नर मिळाला की तो गर्दीपासून दूर, पेनल्टी चौकाच्या कडेला जायचा आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकायचा. समोरच्या संघाला वाटायचं, हा आत्ता खेळात नाही. कॉर्नर मारला जायचा, सगळे पुढच्या खांबाकडे धावायचे, आणि लेस बांधणारा उठून मागच्या खांबाकडे एकटा पोचायचा. डोक्यानं गोल. उपांत्य सामन्यात त्यानं असाच गोल केला आणि आमच्या तालमीत गुलाल उधळला गेला. कोरियात उधळला की नाही, माहीत नाही.

पुढचं वर्षभर पेठेतला प्रत्येक पोरगा कॉर्नरला लेस बांधायचा. सगळेच बांधायला लागल्यामुळे गोल मात्र कुणाचा झाला नाही.

त्यानंतरची क्वाकची कारकीर्द मी पेपरच्या आतल्या पानांवर वाचत गेलो. जर्मनीत दोन हंगाम, त्यातला बराचसा बाकावर. मग जपान. मग गुडघा. मग परत मायदेशी, तिथे आधी सहायक आणि नंतर मुख्य प्रशिक्षक. पहिल्या वर्षी संघ वर, दुसऱ्या वर्षी खाली, तिसऱ्या वर्षी नारळ. पुढे चीन, थायलंड. मग पेपरांनी लिहायचं थांबवलं. फॉरवर्डच्या चुका लोक गोलांत विसरतात. मॅनेजरचे गोल दुसऱ्यांच्या नावावर जातात आणि चुका तेवढ्या त्याच्या नावावर राहतात. हे वाक्य मी एकदा सदरात लिहिलंही होतं. मॅनेजरच्या चुकांत प्रेक्षकांच्या चुकाही धरल्या जातात, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मी पहिलं काम काय केलं? तालमीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, “आपला बदक सापडला! दुबई मरीनात राहत असणार.” प्रत्यक्षात तो एका सुपरमार्केटच्या वर दोन खोल्यांत राहत होता. ती दुरुस्ती मी गटावर टाकली नाही. सदर लिहिणाऱ्या माणसाला दुरुस्तीची सवय नसते.

सराव

क्लबच्या एका सामन्याच्या आदल्या दिवशी इस्माईलभाई मला सराव बघायला घेऊन गेले. दाजीही गाडी घेऊन बरोबर आले, पण त्यांना फुटबॉलचं सोयरसुतक नाही. ते बाहेर गाडीत झोपले.

रस्ता समुद्राला धरून जातो. एका बाजूला पांढरट खारवट जमीन, तिच्यात खारफुटीचे हिरवे ठिपके. दुसऱ्या बाजूला वाळू, आणि वाळूत मधूनच एखादा उंट, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. क्लबचं मैदान मात्र इतकं हिरवं, की आमच्या मैदानावरची माती आठवून मला जरा परकंच वाटलं. स्टेडियमला लागून मशीद. आम्ही पोचलो तेव्हा मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली, अर्धा संघ नमाजाला गेला, आणि उरलेला अर्धा गवतावर बसून राहिला. मधोमध एक बारीक, पांढऱ्या केसांचा माणूस उकिडवा बसून वाट बघत होता. घाई नाही, घड्याळाकडे नजर नाही.

“ह्यो क्वाक,” इस्माईलभाई म्हणाले आणि माझ्यापुढे एक कापडी पिशवी धरली. “फोन ह्याच्यात टाका मास्तर. बंद सराव हाय. उद्या हारलो तर कोच घरी जाणार, हापिसानं तसं सांगितलंय. कोच कुणाला आत घेत नाय, माझ्या शब्दावर तुमाला घेतलंय.”

मी फोन पिशवीत टाकला. बरोबर आणलेला अक्काचा खर्डा जवळ आलेल्या क्वाकच्या हातात दिला. त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि बोटानं थोडा चाटला. त्याचे डोळे पाणावले, चेहरा लाल झाला, आणि मग तो हसला. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच तुटकं असल्यामुळे आमचं छान जमलं.

“तू शिक्षक?”

“होय. गणित.”

“छान. शिक्षकाला माहीत असतं. परीक्षेआधी पेपर कुणी बघायचा नाही.”

“माझ्या नोकरीत एकदाही पेपर फुटलेला नाही,” मी छाती काढून म्हणालो. तो मान तुकवून मैदानात गेला.

मग मी ते बघितलं. सगळा संघ कॉर्नरचा सराव करत होता. अठरा नंबरचा एक उंच आफ्रिकन मुलगा गर्दीतून सावकाश बाहेर आला, चौकाच्या कडेला गेला आणि बुटाची लेस बांधायला वाकला. माझ्या अंगावर काटा आला. क्वाक त्याच्याजवळ जाऊन स्वतः खाली वाकला आणि कसं वाकायचं ते दाखवू लागला. पाठ कशी सैल ठेवायची, नजर लेसवरच कशी ठेवायची, आणि डोकं न उचलता चेंडूचा आवाज कसा ऐकायचा. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्याला त्रास होत होता. तरी तो पुन्हा पुन्हा वाकत होता. स्वतःच्या पायात राहिलं नव्हतं ते दुसऱ्याच्या पायात घालायचा प्रयत्न चालला होता.

शेवटी सगळ्यांना गोळा करून तो काहीतरी म्हणाला. इस्माईलभाईंनी मला सांगितलं, “अख्ख्या सीझनमध्ये हा कॉर्नर दाखवला नाय. उद्यासाठीच ठेवलाय.”

निघताना इस्माईलभाईंनी फोन परत दिला. मी नियम पाळला होता. फोटो नाही, व्हिडिओ नाही.

येताना दाजींनी त्याच दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला. करक येईपर्यंत काय करायचं म्हणून मी गटावर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तो अजून माझ्याकडे आहे आणि मी तो अधूनमधून ऐकतो, शिक्षा म्हणून. “अरे ऐका रे, बदक म्हातारा झाला पण कॉर्नर तोच! लेस बांधायचा! उद्या अठरा नंबरचा गडी वाकला की समजा, मागच्या खांबाला गोल! कुणाला सांगू नका, बंद सराव होता.”

दाजींनी चहाचा घोट घेतला. “कुणाला सांगू नका म्हणतोयस, आणि सांगायलायस किती जणांना?”

“घरचाच गट आहे, दाजी. दोनेकशे माणसं.”

सामना

आमच्याकडे अंतिम सामन्याला माणसं भिंतींवर बसतात. इथे पाच हजारांच्या स्टेडियममध्ये शे-दोनशे लोक असतील. पांढरे पायघोळ कंदुरे घातलेली वयस्क मंडळी खजूर आणि कॉफी घेऊन खुर्च्यांत. एका कोपऱ्यात क्लबनं बसवलेला ढोलवाल्यांचा ताफा, तो गोल झाला तरी आणि न झाला तरी सारखाच वाजवत होता. रुचा माझ्याबरोबर आली होती. “मामा, इट्स लाइक अ लायब्ररी विथ ड्रम्स,” असं तिचं मत पडलं.

शून्य-शून्य. मग समोरच्यांचा एक गोल. क्वाक बाजूच्या रेषेजवळ खिशात हात घालून उभा. सामना संपत आला तेव्हा कॉर्नर मिळाला आणि त्यानं खिशातून एक हात बाहेर काढला. तेवढीच खूण.

अठरा नंबर गर्दीतून बाहेर आला. कडेला गेला. वाकला.

त्याच क्षणी समोरच्या संघाचे दोन खेळाडू गर्दी सोडून त्याच्याकडे चालत आले. पळत नाही, चालत. एक त्याच्या डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शाळेतल्या मुलानं लेस बांधेपर्यंत आईबाप थांबतात ना, तसे. अठरा नंबरला कळेना आता उठायचं कसं. त्यानं खरोखरच लेस सोडली आणि पुन्हा बांधली. कॉर्नर मारला गेला, चेंडू मागच्या खांबाजवळून बाहेर गेला. तिथे कुणीच नव्हतं.

पुढच्या कॉर्नरलाही तेच. या वेळी त्यातल्या एकानं वाकून अठरा नंबरच्या बुटाकडे बोट दाखवलं आणि हसला. सामना एक-शून्यानं गेला.

त्या शे-दोनशे लोकांत हे का घडलं ते एकालाच माहीत होतं. माझ्या हातात खजुराची पिशवी होती. ती मी का कुणास ठाऊक, शेजारच्या म्हाताऱ्या अरबाला देऊन टाकली. तो “शुक्रन” म्हणाला. माझे कुणी आभार मानण्याची ती अगदी चुकीची वेळ होती.

दाजींच्या गाडीत बसल्यावर फोन उघडला. गटावर बंड्याचा मजकूर होता. बंड्या आमच्या तालमीचा खजिनदार. “मास्तर, तुमची खबर अजमानला माझ्या मेव्हण्याला पाठवली. त्याच्या खोलीतला गडी समोरच्या क्लबची बस चालवतोय. त्यानं त्यांच्या कोचला सांगितलं! आपल्या पेठेची खबर आंतरराष्ट्रीय झाली!” खाली टाळ्या वाजवणारे हात. मोजता येणार नाहीत इतके.

बर दुबई

दुसऱ्या दिवशी अक्का मला बर दुबई या खाडीकाठच्या जुन्या भागात घेऊन गेली. मीना बाजारात तिनं साड्या बघितल्या, जुन्या देवळाच्या गल्लीत फुलं घेतली. फुलवाल्यानं विचारलं, “किस भगवान के लिए?” मी म्हणालो, “जो माफ करता हो.” अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग आम्ही अब्रात बसलो. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. मधल्या फळीवर दोन्हीकडे तोंड करून माणसं बसतात, काठाला कठडा नाही. पाण्यात वाकून बघता बघता मी तिला सगळं सांगितलं.

तिनं मांडीवरची फुलांची पुडी सावरली. मग म्हणाली, “इस्माईलभाईला घरी बसवलंय. सकाळी त्याची बायको सांगत होती. त्या समोरच्या क्लबच्या बसवाल्याबरोबर हा चहा पितो म्हणे, म्हणून काल सामना संपल्यावर सगळ्यांसमोर किल्ल्या काढून घेतल्या.”

“आणि माझं नाव?”

“कोचनं विचारलं म्हणे, तुझा तो मास्तर? तर इस्माईलभाईनं शपथ घेतली. मास्तरचा फोन माझ्या पिशवीत होता, मास्तर तसला माणूस नाही.”

अब्रा पलीकडच्या धक्क्याला लागला. सगळे उतरले. मी बसून राहिलो, आणि नावाडी म्हणाला, “यल्ला, यल्ला.”

संध्याकाळी घरात बैठक झाली. दाजींचं मत स्पष्ट होतं. “पाव्हणं, इथं कुणी कुणाला काही सांगत बसत नाही. परवा तुमची फ्लाइट. खलास. इस्माईल पंधरा दिवसांत दुसरं काम बघतोय, त्याला सवय हाय.”

“अहो, पण तो निर्दोष आहे.”

“मग काय झालं? निम्मं गल्फ निर्दोष हाय.”

रुचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “मामा, जस्ट से सॉरी. व्हाय आर यू मेकिंग इट अ थीसिस?”

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात थीसिसच चालला होता. फोन करावा की पत्र लिहावं, आधी क्वाकला सांगावं की आधी इस्माईलभाईंना, इंग्रजीत की हिंदीत, आणि माझा हेतू वाईट नव्हता हे कुठल्या परिच्छेदात घालावं. अपराधी वाटणं हा माझा इतका जुना उद्योग आहे, की त्यात मी आरामात चार दिवस काढू शकतो. त्या चार दिवसांत समोरचा माणूस घरी बसलेला असतो, हे माझ्या हिशेबात येत नाही.

अक्का उठली, खर्ड्याचा दुसरा डबा भरला आणि माझ्या हातात दिला. “चौथा मजला. जा.”

चौथा मजला

इस्माईलभाई बनियनवर टीव्हीपुढे बसले होते. कमर मोकळी. मला बघून उठले. “या मास्तर! जायच्या आधी भेटलात, बरं झालं. चाय?”

मी उभ्यानंच सांगितलं. गट, बंड्या, मेव्हणा, बस. ते ऐकत होते. आतून येऊन त्यांच्या बायकोनं टीव्हीचा आवाज बंद केला.

“पन फोन तर माझ्या पिशवीत व्हता,” शेवटी ते म्हणाले. तोच एक मुद्दा त्यांना सुटत नव्हता.

“नंतर. गाडीत बोललो.”

“मी शपत घेतली मास्तर. तुमच्यासाठी.” मग मोकळ्या कमरेला हात लावत, “खोटी झाली ना ती.”

मी म्हणालो, “सकाळी मला क्लबात घेऊन चला. मला गाडी येत नाही, रस्ता येत नाही. तुम्हालाच न्यावं लागेल.” चूक मी केली आणि ती कबूल करायलाही त्यांनीच मला नेऊन पोचवायचं. ते हसले नाहीत, पण शर्ट घालत म्हणाले, “सकाळी लवकर या. ट्रॅफिक लागतो.”

ड्रेसिंग रूम

क्वाक त्याच्या छोट्या खोलीत पुठ्ठ्याचा खोका भरत होता. दोन पुस्तकं, एक शिट्टी, त्या दिवशीचा खर्ड्याचा डबा, रिकामा. मी त्याला सगळं सांगितलं. पाठ केलेलं इंग्रजी पहिल्या वाक्यालाच संपलं, पण त्याला समजलं. तो टेबलाच्या कडेवर बसला.

“तुमच्या गावात,” तो म्हणाला, “माझा कॉर्नर अजून लोकांना आठवतो?”

“पेठेत सगळ्यांना.”

“माझ्या देशात कुणाला आठवत नाही. म्हणून इथे वापरला.” तो थोडा हसला, मग हसू गेलं. “मला काढायचं ऑफिसनं महिनाभर आधीच ठरवलं होतं. जिंकलो असतो तर अजून दोन आठवडे, एवढंच. माझं काही गेलं नाही.” त्यानं दाराबाहेर उभ्या इस्माईलभाईंकडे बोट केलं. “याचं गेलं. मीच किल्ल्या काढून घेतल्या. सगळ्यांसमोर.”

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

“इथे नको. इंग्रजीत नको. इंग्रजीत सॉरी लिफ्टमध्ये धक्का लागला तरी म्हणतात. तुझ्या भाषेत सांग. तिकडे.”

तिकडे म्हणजे ड्रेसिंग रूम. सरावासाठी बूट घालत बसलेला सगळा संघ. अमिराती, आफ्रिकन, दोन ब्राझीलचे, एक उझबेक. कोपऱ्यात अठरा नंबर. क्वाकनं टाळी वाजवली, सगळे गप्प झाले. मला मधोमध उभं केलं आणि माझ्यासमोर इस्माईलभाईंना. त्या खोलीत मराठी समजणारा माणूस एकच होता. ज्याची माफी मागायची, त्यालाच तिचं भाषांतर करायचं होतं.

मी म्हणालो,

“इस्माईलभाई, कॉर्नर तुम्ही फोडला नाही. मी फोडला.”

इस्माईलभाई वळले. “इस्माईल नो टेल,” ते म्हणाले. “दिस मॅन टेल.” मग तेच अरबीत. स्वतःचं नाव घेताना त्यांना अवघड जात होतं.

“तुम्ही मला तुमच्या शब्दावर आत घेतलंत. मी फोन पिशवीत टाकला आणि जीभ मोकळी ठेवली.”

हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. पिशवी, फोन, जीभ. एक ब्राझीलवाला हसला, क्वाकनं त्याच्याकडे बघितलं, तो थांबला.

“तुमच्या किल्ल्या काढून घेतल्या तेव्हा तुम्ही माझ्यासाठी शपथ घेतलीत. त्या वेळी मी गाडीत बसून फोन बघत होतो.”

हे त्यांनी भाषांतर केलं नाही. खाली बघत राहिले. “हे आपल्यातलं हाय, मास्तर,” हळूच म्हणाले. “फुडं बोला.”

पुढे फार नव्हतं. माझा हेतू वाईट नव्हता, हे वाक्य तयार होतं. ते मी गिळलं. हात जोडले.

“इस्माईलभाई, माझं चुकलं. मला माफ करा.”

सगळे भाषांतरासाठी इस्माईलभाईंकडे बघत होते. शेवटी अठरा नंबरनं विचारलं, “व्हॉट ही से?”

“ही से सॉरी.”

“टू कोच?”

इस्माईलभाईंनी मान हलवली. मग तळहात आपल्या छातीवर ठेवून ते म्हणाले, “नो. टू मी.”